यंदा नंबर बेथेलचा

पेंट्रेगार
११ फेब्रुवारी १९९५

प्रिय इद्वाल,

तुझ्या गुडघ्यांची हकीकत तीन पानं वाचली. चाळीस वर्षं लंडनच्या गल्ल्यांतून दुधाची गाडी ढकलताना त्या गुडघ्यांना कधी विचारलं होतंस का? आता ते बदला घेणारच. डॉक्टर सांगतो ते ऐक आणि शिडीवर चढू नकोस.

इकडची खबर मोठी आहे. आपला आर्दवेन जिल्हा परत येतोय! आठवतं ना, १९७४ साली शहाण्या लोकांनी आपला चिमुकला जिल्हा शेजारच्या दोघांबरोबर एकाच गोणीत कोंबला होता. तेव्हापासून रस्त्यात खड्डा पडला की पन्नास मैलांवरच्या कचेरीत रडायला जायचं, आणि तिथल्या माणसाला पेंट्रेगार नकाशावर सापडायचं नाही. एकवीस वर्षांनी त्याच शहाण्यांना उपरती झाली. पुढच्या वर्षीच्या एप्रिलपासून आपलं जिल्हा कौन्सिल पुन्हा आपलं, कचेरी पुन्हा आबरवेनला. त्याची निवडणूक येत्या चार मेला.

आता तू विचारशील, नंबर कोणाचा? तू लंडनला पळालास त्याच्या आधीपासून चालत आलेली गोष्ट, तरी तुला उजळणी लागते. एक खेप बेथेल चॅपलची, एक खेप सालेम चॅपलची, कौन्सिलातली गावची जागा बिनविरोध, गावात भांडण नाही. ७४ साली कौन्सिलच बुडालं तेव्हा सालेमची अर्धी खेप त्याच्याबरोबर बुडाली. सालेमवाले म्हणाले, आधी आमची अर्धी खेप द्या. बेथेलवाले म्हणाले, बुडालेल्या कौन्सिलकडे मागा. हा वाद वीस वर्षं चालला आणि तेवढी वीस वर्षं तुझा मेव्हणा, बेथेलचा माझा एल्वेद, नव्या मोठ्या कौन्सिलातल्या गावच्या खुर्चीवर बसून होता. तो गेल्यावर उरलेली दोन वर्षं सालेमच्या म्हाताऱ्या हॉपकिनला दिली. हॉपकिनला ऐकू येत नाही, त्यामुळे कौन्सिलमध्ये तो फार खूश होता. पण सालेमची भरपाई झाली. तेव्हा यंदा नंबर बेथेलचा, यावर दोन्ही चॅपलांचं एकमत आहे. असं एकमत मी तरी पहिल्यांदाच पाहते आहे.

नाव कोणाचं पुढे येतं ते पाहू. मी काही बोलत नाही. एल्वेद जाऊन दोन वर्षं झाली तरी गटार तुंबलं की लोक अजून माझ्याच दारात येतात, एवढंच सांगते. गुरुवारी बेथेलचा कारभार बघणारे मिस्टर पारी आणि बाकीचे डीकन चहाला येणार आहेत. मी लग्नातले कप काढून धुऊन ठेवलेत.

तुझी
मेन्ना


लंडन
२० फेब्रुवारी १९९५

प्रिय मेन्ना,

आर्दवेन परत आल्याचं वाचून मी खुर्चीतून उठलो आणि लगेच परत बसलो. गुडघे.

तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशीच गॅरेजवाल्या टेकविनचं पत्र आलं. तो बिचारा किती भारावलाय! डीकन मंडळी त्याच्या गॅरेजमध्ये गेली, तो ट्रॅक्टरखाली होता, पाय धरून त्याला बाहेर ओढला आणि तिथेच उमेदवारी गळ्यात घातली म्हणे. रीतीप्रमाणे तो दोनदा नाही म्हणाला, तिसऱ्यांदा हो म्हणाला. माणूस सरळ आहे. मी उलट टपाली कळवलं, की बिनविरोध येशीलच, पण समजा लढत झालीच तर माझं मत तुझं, हा माझा शब्द. आईच्या घरात दर उन्हाळ्यात राहतो म्हणून माझं नाव अजून गावच्या यादीत आहे, आणि गुडघ्यांच्या कृपेने आता मत टपालाने देता येतं.

तू त्याला सांभाळून घे. वीस वर्षं एल्वेदचे फोन तूच घेतलेस, त्याची भाषणं तूच लिहिलीस, कौन्सिलात तो डुलक्या घ्यायचा तेव्हा घरी तू जागी असायचीस. टेकविनला कौन्सिलातलं ओ की ठो कळत नाही. तू पाठीशी आहेस म्हणून मला काळजी नाही.

इथे माझ्या इंग्रज शेजाऱ्याने विचारलं, तुमचा उमेदवार कुठल्या पक्षाचा? म्हटलं, अपक्ष. म्हणाला, म्हणजे काय? मी म्हटलं, आमच्याकडे अपक्ष म्हणजे जो मनातून टोरी, हुजूर पक्षाचा आहे पण आईला कळेल म्हणून भितो, किंवा जो लिबरल होता पण आता विसरलाय. तो फार हसला. मला वाटतं त्याला खरं वाटलं नाही.

कप काढलेस ते छान केलंस.

तुझा
इद्वाल


पेंट्रेगार
२७ फेब्रुवारी १९९५

इद्वाल,

कप परत कपाटात ठेवले.

त्या गुरुवारी काय झालं ते ऐक. तिघे आले. मी मनुकांचा पाव कापला, चहा ओतला. मिस्टर पारींनी घसा साफ केला. "मिसेस प्रॉबर्ट," म्हणाले, "आम्ही एक मोठी विनंती घेऊन आलोय." मी किटली खाली ठेवली. रीत मलाही माहीत आहे. आपण होऊन कोणी पुढे येत नाही, आधी विचारणं यावं लागतं, मग दोनदा नाही म्हणायचं. माझं पहिलं 'नाही' तोंडात तयार होतं.

"एल्वेदच्या फायली," ते म्हणाले, "टेकविनला मिळाल्या तर बरं होईल. आणि निवडून आल्यावर चॅपलमध्ये छोटासा चहा ठेवू म्हणतो. तुमच्या हॅम सँडविचला तोड नाही."

मी "हो" म्हणाले. पहिल्याच फटक्यात! तिघेही माझ्याकडे बघत राहिले, कारण सँडविचसाठीसुद्धा एकदा तरी नाही म्हणायची पद्धत आहे. मग ते पाव संपवून गेले आणि मी ओट्याशी उभी राहून रडले. मला ती जागा हवी होती, इद्वाल. अजून हवी आहे. सत्तरीला आलेल्या बाईने हे लिहायचं म्हणजे लाज वाटते, पण तू माझा भाऊ आहेस, तुला नाही तर कोणाला लिहू? वीस वर्षं मी या गावाची कौन्सिलर होते आणि एल्वेद माझा हात वर करायचा. आता एकदा तरी माझा हात मला वर करायचाय.

दुसऱ्या दिवशी पोस्टात गेले तर पोस्टवाली नेस्टा म्हणाली, "काय गं, तोंड का असं?" मी सगळं सांगितलं. नेस्टा सालेमची, तुला माहीतच आहे. तिने काउंटरखालून उमेदवारीचा अर्ज काढला, आबरवेनहून आलेला, तिथेच सूचक म्हणून सही ठोकली आणि म्हणाली, "मी तुला विचारते. आता दोनदा नाही म्हण, पण लवकर म्हण, रांग लागलीय." मी पटापट दोनदा नाही म्हणाले. रांगेतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

तेव्हा मी उभी आहे. बेथेलची बाई, सालेमच्या सहीने. चॅपलमध्ये माझ्या शेजारचं बाक रविवारपासून रिकामं असतं.

आता तू टेकविनला दुसरं पत्र लिही आणि शब्द परत घे.

मेन्ना


लंडन
६ मार्च १९९५

प्रिय मेन्ना,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. मी गाढव आहे. कपांवरूनच कळायला हवं होतं.

पण शब्द परत कसा घेऊ? चाळीस वर्षं दारोदार दूध घातलं, ते शब्दावर. उद्या सकाळी दूध येईल म्हणालो की येणार, बर्फ पडो की काही पडो. लंडनमध्ये आपल्या वेल्श दूधवाल्यांकडे दुसरं होतं काय? टेकविनने माझ्या पत्राला चौकट लावली असेल, तसा तो आहे. त्याला कोणत्या तोंडाने लिहू की बहिणीने डोळे वटारले म्हणून माझा शब्द आंबला?

माघार घे असं मी म्हणणार नाही. एकदा वाटलं होतं तसं लिहावं, पण तुझं ते ओट्याशी उभं राहून रडणं डोळ्यांपुढून जात नाही. फक्त इतकंच सुचवतो: लेबर किंवा वेल्श स्वाभिमानवाल्या प्लायडचा नाहीतर आणखी कुठल्या पक्षाचा कोणी उभा राहिला तर मतं फुटून दोघेही पडाल. दोघांनी बसून बोललात तर?

तुझा मूर्ख भाऊ
इद्वाल


पेंट्रेगार
१० एप्रिल १९९५

प्रिय इद्वाल,

बसून बोललो. टेकविन माझी गाडी दुरुस्त करायला आला होता. म्हणाला, "मेन्ना, मला माहीत असतं तर मी त्या ट्रॅक्टरखालून बाहेरच आलो नसतो." मी म्हटलं, "मग आता परत जा." तो म्हणाला, "डीकनांना हो म्हटलंय गं, आता कसा जाऊ?" सगळ्या जगाने शब्द दिलेत, फक्त मला कोणी दिला नाही. गाडी मात्र त्याने फुकट नीट करून दिली. अशा माणसाविरुद्ध प्रचार करायचा तरी कसा, सांग!

पक्षांची काळजी सोड. लेबरवाले खाणीकडच्या गावांत गुंतलेत, टोरी समुद्रकाठच्या बंगल्यांत, लिबरल डेमोक्रॅट नेहमीप्रमाणे पत्रकं वाटून घरी गेले. प्लायडचा एक पोरगेला मास्तर आला होता, मला म्हणाला, तुम्ही आमच्याकडून उभ्या राहा. मी म्हटलं, बाळा, आधीच माझ्यावर दोन चॅपलं नाराज आहेत. तेव्हा मी अपक्ष, टेकविनही अपक्ष, आणि दोघांच्या पत्रकात मजकूर एकच: बुधवारची बाजारची बस वाचवा. त्याचं पत्रकही मीच लिहून दिलं. त्याला लिहिता येत नव्हतं, मग काय करणार?

प्रचाराचं सांगते. परवा वरच्या मळ्यावर इव्हान्सांकडे गेले. तासभर मेंढ्यांवर बोललो, त्याच्या सुनेच्या दाढदुखीवर बोललो, चहा दोनदा झाला, फाटकापर्यंत तो सोडायला आला. घरी पोचल्यावर लक्षात आलं की मत मागायचं राहिलं. माझ्या तोंडून निघतच नाही. 'मला द्या' हे शब्द आपल्याला कोणी शिकवलेत का? नेस्टा कपाळावर हात मारून घेते. टेकविनचीही तीच गत. तो लोकांकडे जातो, त्यांचं गवत कापायचं यंत्र दुरुस्त करतो आणि परत येतो.

आणि लोक! खासदाराला मत देणं सोपं, तो कुठे आपल्या दुकानात भेटतो? इथे दोघेही रोज समोर. म्हणून प्रत्येकजण मला सांगतो, मत तुलाच. त्यालाही सांगतो, तुलाच. आश्वासनं मोजली तर गावात आहेत त्याच्या दुप्पट माणसं निघतील.

तुझ्या शब्दाबद्दल पुन्हा लिहिणार नाही. वाईट वाटलं, खूप वाटलं, ते लपवत नाही. पण बाबा असते तर म्हणाले असते, दिलास ना, मग पाळ. तेव्हा पाळ. तू टेकविनला मत दिलंस म्हणून उन्हाळ्यात तुला उपाशी ठेवणार नाही. एखादवेळी रस्सा पातळ असेल.

तुझी
मेन्ना


लंडन
२८ एप्रिल १९९५

प्रिय मेन्ना,

मतपत्रिका मंगळवारी आली. दोन दिवस टेबलावर पडून होती. मी तिच्याभोवती फेऱ्या मारत होतो, या गुडघ्यांनी. आज फुली मारली, पाकीट चिकटवलं, पेटीत टाकलं आणि पेटीजवळच उभा राहिलो. एका बाईने विचारलं, "आजोबा, हरवलात का?" म्हटलं, थोडासा.

कोणाला दिलं ते विचारू नकोस. मी सांगणार नाही.

निकाल लागला की त्याच दिवशी लिही. आणि पराभव झाला तरी लग्नातले कप काढ. स्वतःसाठी काढ.

तुझा
इद्वाल


पेंट्रेगार
६ मे १९९५

प्रिय इद्वाल,

बसायला खुर्ची जवळ आहे ना? बस.

शुक्रवारी आबरवेनच्या सभागृहात मोजणी झाली. खाणीकडची गावं आधी मोजली, लेबर. किनारा मोजला, तिथे टोरी आणि लिबरल डेमोक्रॅट एकमेकांचे केस ओढत होते. प्लायडच्या त्या पोरगेल्या मास्तरने आबरवेनचीच एक जागा काढली, आणि त्याची आई एवढ्या मोठ्याने रडली की मोजणारे चुकले. बाकी डोंगरात सगळीकडे आपले अपक्ष, निम्मे बिनविरोध. मग पेंट्रेगारचा ढीग टेबलावर आला. मी आणि टेकविन शेजारी शेजारी उभे होतो. त्याने नवा कोट घातला होता, बाहीला किमतीची चिठ्ठी तशीच. मी ती तोडून दिली.

समसमान! पुन्हा मोजली, समसमान. तिसऱ्यांदा मोजली. निवडणूक अधिकारी म्हणाला, "आता कायद्याप्रमाणे चिठ्ठ्या." चिठ्ठ्या टाकायला भांडं शोधू लागले. कोणाचीतरी टोपी पुढे आली, पण ती टोरी उमेदवाराची निघाली, म्हणून लेबरवाल्यांनी हरकत घेतली. शेवटी कँटीनवाली बाई चहा गरम राहावा म्हणून किटलीवर घालतात ती लोकरी टोपी घेऊन आली. म्हणाली, "हिला पक्ष नाही." ती अजून गरम होती. अधिकाऱ्याने डोळे मिटून हात घातला, चिठ्ठी उघडली आणि वाचली: मेन्ना प्रॉबर्ट.

मी आले, इद्वाल! मी आर्दवेनची कौन्सिलर आहे!

टेकविनने मला उचलून घेतलं. एवढा आनंदी माणूस मी पाहिला नव्हता. कानात म्हणाला, "देवाची कृपा. मला आता ट्रॅक्टरखाली जाता येईल." मिस्टर पारी आले, हात पुढे केला आणि म्हणाले, "मिसेस प्रॉबर्ट, बेथेलचाच नंबर होता, बेथेललाच मिळाला." जणू सगळं त्यांनीच ठरवलं होतं! त्यांना म्हटलं, "हो, आणि चॅपलच्या चहाला सँडविच तुम्ही करा." सालेमवालेही खूश आहेत, नेस्टाच्या सहीमुळे ही खेप अर्धी आपलीही झाली असं त्यांचं म्हणणं. हा वाद आणखी वीस वर्षं पुरेल.

आता गंमत ऐक. बहुमत कोणाचंच नाही. अपक्षांना दोनच जागा कमी पडल्या. आज सकाळपासून लेबरचा म्होरक्या दोनदा, प्लायडवाले तीनदा आणि एक लिबरल डेमोक्रॅट फुलं घेऊन येऊन गेला. सगळ्यांना एकच उत्तर दिलं, आधी बुधवारच्या बसचं बोला. एल्वेद असता तर एव्हाना झोपला असता.

आता एक गोष्ट फक्त तुला सांगते. नेस्टाला कळलं तर ती मला पोस्टातून हाकलून देईल. मतदानाच्या दिवशी मी पडद्यामागे गेले, पेन्सिल हातात घेतली, आणि माझा हात माझ्या नावापुढे जाईना. बेथेलच्या रविवारच्या शाळेत सहाव्या वर्षापासून डोक्यात ठोकलंय ना, आपलं पान आपण वाढून घ्यायचं नाही. बाहेर रांग खोळंबली होती. शेवटी मी टेकविनला मत दिलं. घाई केली, जीव लाजेने अर्धा झाला आणि पळत बाहेर आले. वर टेकविन दारात भेटला आणि "काय, दिलंस का?" म्हणाला. मी लालबुंद!

तेव्हा तू त्याला मत दिलंस म्हणून मी कोणत्या तोंडाने रागवू? आपल्या घरातली दोन्ही मतं त्यालाच गेली. झालं ते झालं. रस्सा घट्ट करीन.

तुझी
कौन्सिलर मेन्ना प्रॉबर्ट (एकदा लिहून पाहिलं)


लंडन
११ मे १९९५

कौन्सिलरबाई,

तुझं पत्र हातात घेऊन मी मोठ्याने हसलो, मग रडलो, मग इंग्रज शेजारी काय झालं म्हणून विचारायला आला. त्याला समजावताना नाकी नऊ आले. त्याचं म्हणणं, तुम्हा लोकांना लोकशाही देऊ नये.

अगं वेडे, मी तुला मत दिलं.

दोन दिवस ती पत्रिका टेबलावर होती, आणि मी प्रत्येक वेळी टेकविनच्या नावापुढे पेन्सिल नेली की तू ओट्याशी उभी दिसायचीस. जन्मात पहिल्यांदा शब्द मोडला. पेटीजवळ उभा राहिलो होतो तो त्यामुळेच, हात घालून पाकीट परत काढता येतं का ते बघत होतो. तुला सांगितलं नाही, कारण तू अभिमानाने लिहिलं होतंस, दिलास तर पाळ. आता हिशेब कर. मी शब्द पाळला असता तर तू दोन मतांनी पडली असतीस, तीही स्वतःच्या हाताने. तू मला बेथेलचे संस्कार सांगतेस, आणि मी ते मोडले म्हणून आज तुझ्याकडे लेबरवाले फेऱ्या मारतायत.

पण खरी गंमत पुढे आहे. काल टेकविनचं पत्र आलं. लिहितो: "इद्वाल, हरलो त्याचं काही नाही. उलट सुटलो. पण बहिणीविरुद्ध तू मला दिलेला शब्द पाळलास, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. असा माणूस आता होत नाही."

सकाळभर त्या पत्राकडे बघत बसलो. खरं लिहावं तर त्याचं मन मोडतं, खोटं लिहावं तर दुसऱ्यांदा पाप. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि त्याला कळवलं: "टेकविन, आमच्या घरातलं एक मत तुला मिळालं याचा मला फार आनंद आहे." यात एक अक्षरही खोटं नाही. माझा शब्द तू पाळलास, मेन्ना, मला न विचारता.

पुढच्या खेपेला मात्र स्वतःला मत दे. माझ्याच्याने हे पुन्हा व्हायचं नाही.

तुझा
इद्वाल